सही तुम्हीही केली नाही, सिस्टर

सिस्टर, तुमच्या शोकसभेत पाच संस्थांचे पाच अध्यक्ष बोलले. जमनाचं नाव एकानेही घेतलं नाही. मी शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलो होतो, सवयीने. सिंधी पंचायतीचे मोटवानीजी म्हणाले, तुम्ही आमच्या निर्वासित बांधवांची आई होतात. जमातीचे हाजीसाहेब म्हणाले, शहराला बांधून ठेवणारी गाठ सुटली. विहार समिती, महिला बचत गट, गणेश मंडळ, सगळ्यांनी आपापल्या शब्दांत तेच सांगितलं. मीरा खाली सतरंजीवर बसली होती, तुमच्या फोटोच्या अगदी समोर. तिची आई सात वर्षांपूर्वी याच पाच संस्थांच्या डोळ्यांदेखत देशाबाहेर गेली, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मग चहा झाला.

तुमच्यावर लिहायला मला त्या चहाच्या वेळी सांगण्यात आलं. "दोन शब्द लिहा, भावपूर्ण." भावपूर्ण मला येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणायचात, "माणूस मेला तं तू पहिले त्याचं वय विचारतो." खरं आहे. तुमचं वय या लेखात नाही.

पहिल्यांदा तुम्हाला पाहिलं ते धर्मशाळेमागच्या खोल्यांच्या रांगेत. सिंधमधून पाहुण्यांच्या व्हिसावर आलेली कुटुंबं तिथे राहत होती आणि परत जायचं नाही असं ठरवून बसली होती. मी अमरावतीहून नुकताच इथे बदलून आलो होतो, बातमीसाठी तिथे गेलो होतो. तुम्ही सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झाला होतात, पण चालणं वॉर्डातलंच होतं. मदत करणाऱ्या संस्था पाच होत्या आणि पाचही एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका खोलीत तीन संस्थांची ब्लँकेटं पडली होती आणि शेजारच्या खोलीत बाळंतीण पोत्यावर झोपली होती. तुम्ही ब्लँकेटं उचलून या खोलीतून त्या खोलीत नेलीत. एका कार्यकर्त्याने हटकलं, "सिस्टर, हे आमच्या मंडळाचं आहे." तुम्ही म्हणालात, "मंग मंडळाले सांग, बाईले गुंडाळलं."

पुढच्या आठवड्यात तुम्ही पाचही जणांना विहाराच्या हॉलमध्ये बसवलंत. मुलांना शाळेत घ्यावं म्हणून एकत्र अर्ज करायचा होता. अर्ज दहा मिनिटांत लिहून झाला. खाली कोणाचं नाव पहिलं, यावर दीड तास गेला.

"आमचं मंडळ सगळ्यात जुनं," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"जुनी तं माह्या सासूबी हाय," बचत गटाच्या ताई म्हणाल्या. "तिचं नाव टाकता काय?"

"लोक आमचे आहेत, भाऊ," मोटवानीजी म्हणाले. "नाव पहिलं कोणाचं यायला पाहिजे, तुम्हीच सांगा."

"हमारा आखिर में लिखो, बहनजी," हाजीसाहेब म्हणाले. "बस, लिखो ज़रूर."

तुम्ही उठलात, आतून जेवणाचं ताट आणलंत, कोऱ्या कागदावर पालथं घातलंत आणि कडेने पेन फिरवला. "या. ज्याले जिथं जागा भेटन तिथं सही ठोका. गोलाले मुंडकं नाही अन् शेपूटबी नाही."

हसत हसत सगळ्यांनी सह्या केल्या. पुढे प्रत्येक अर्ज तसाच गेला. शाळाप्रवेश, नळ, लसीकरण, वीजमीटर. साहेब लोकांना तो गोल आवडायचा, ते कागद फिरवून फिरवून नावं वाचायचे. मी त्यावर पान तीनवर बातमी केली. तुमच्यामुळे माणसं एकत्र आली हे मी तेव्हा लिहिलं. आजही ते खोडत नाही.

तुमच्या खात्यावर आणखीही आहे. मुख्याध्यापक जन्मदाखल्यावर अडून बसले तेव्हा आठ वर्षांच्या मीराला त्यांच्या टेबलासमोर उभं करून तुम्ही विचारलंत, "दाखला नाही म्हून हे जन्मली नाही काय? हात लावून पाहा." वाटपाचे फोटो काढायला आमचा फोटोग्राफर आला, तेव्हा त्याच्या हातात चादरींचा गठ्ठा देऊन तुम्ही म्हणालात, "पहिले वाट, मंग काढ." वाटून होईतो उजेड गेला आणि फोटो निघालाच नाही. मी चिडलो होतो. वृत्तपत्राला चेहरा लागतो, असं मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुह्या वाचकाले चेहरा पाह्यजे तं स्वतःचा आरसा नाही काय घरी?" तो वाद आपण पुढची दहा-अकरा वर्षं घातला.

आता जमना.

मीरा आणि तिचे वडील किशन आधी आले होते. जमनाचे वडील अंथरुणाला खिळले होते म्हणून ती मागे राहिली. चार वर्षांनी ते वारले आणि मग ती आली, तेव्हा मीराने तिला पहिल्या दिवशी 'काकू' म्हटलं होतं. जमना गोधड्या सुंदर शिवायची आणि मोठ्याने हसायची. तिचा व्हिसा थोड्या दिवसांचा होता. दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी भारतीय नागरिकाचं हमीपत्र लागत होतं. किशन स्वतःच परवान्यावर, त्याची हमी चालत नव्हती. पहिल्या सगळ्या कुटुंबांना हमी मोटवानीजींच्या वडिलांनी दिली होती. फाळणीत स्वतः तिकडून आलेला तो म्हातारा एकट्याने सगळ्या कागदांवर सह्या करून गेला. जमना आली तेव्हा तो हयात नव्हता.

परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातल्या बाबूंनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं: हमीदार एक माणूस हवा, संस्था नाही. त्याच्या घरी चौकशी होईल. उद्या काही झालं तर त्याला बोलावलं जाईल. त्या वेळी मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

संध्याकाळी विहारात बैठक झाली. त्या बैठकीचा वृत्तान्त मी कधी छापला नाही, तो असा. मोटवानीजी म्हणाले, आमचे दोन चुलतभाऊ अजून तिकडे आहेत, आमच्यावर आधीच नजर असते. हाजीसाहेब म्हणाले, "मैं कर देता हूँ अभी. मगर बहनजी, मेरी सही से फाइल बनेगी नहीं, बिगड़ेगी." ते खोटं नव्हतं. विहार समितीचे अध्यक्ष सरकारी शाळेत शिक्षक होते. बचत गटाच्या ताईंना घरी मालकांना, म्हणजे नवऱ्याला, विचारावं लागणार होतं. मंडळाच्या अध्यक्षांना नगरसेवकाच्या तिकिटाची आशा होती. जमना दाराजवळ बसून सगळ्यांना पाणी देत होती. मराठी तिला थोडीच समजायची. तेवढी पुरेशी होती.

तुम्ही मला बाहेर पायऱ्यांवर बोलावलंत.

"तू कर सही."

"सिस्टर, मी बातमीदार आहे. मी बातमीचा भाग होऊ शकत नाही."

"तू लिहितो म्हून तुले वाटते, तू भाईर हाय."

"मग तुम्ही करा."

तुम्ही पदराने चष्मा पुसलात. "माह्या पोराचं प्रमोशन हाय औंदा. अमरावतीच्या ऑफिसात फाईल हाय त्याची. घरी पोलीस चौकशीले आले तं काय म्हनतीन लोकं?"

माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.

आपण आत गेलो आणि तुम्ही म्हणालात, "मंग सगळेच करू." ताट आलं. पाच अध्यक्षांच्या पाच आणि सहावी तुमची, अशा सह्या गोल झाल्या. टाळ्या वाजल्या. असा कागद चालणार नाही हे त्या खोलीत दोघांना पक्कं माहीत होतं, तुम्हाला आणि मला. बाकीच्यांना मागच्या अर्जांमुळे खरंच वाटलं असेल की हाही जाईल. दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली: 'जमनासाठी पाच संस्था एकवटल्या.' त्यात चुकीचा शब्द एकही नाही.

फाईल परत आली तेव्हा व्हिसाचे चार दिवस उरले होते. बाबूंनी कागद टेबलावर ठेवून विचारलं, "यातला हमीदार कोण?"

"सगळेच, साहेब."

"मग नोटीस मी कोणाच्या घरी पाठवू?"

बाबू वाईट माणूस नव्हता. त्याने कोरा फॉर्म पुढे सरकवला. "चार दिवस आहेत, सिस्टर. एक सही आणा. मी स्वतः साहेबांकडे नेतो."

त्या चार दिवसांत या पाच संस्थांची तुमची समिती जेवढी एकजुटीने राबली तेवढी आधी कधीच राबली नव्हती. हे मी उपरोधाने लिहीत नाही. पंचायतीने दिल्लीपर्यंतचं तिकीट काढलं, पुढची सोय लावली. जमातीने सीमेपर्यंत सोबत जाणारं एक वयस्कर जोडपं शोधलं. बचत गटाने धपाटे आणि तिखट पुऱ्या केल्या. मंडळाने निरोप समारंभ ठेवला, शाल आणि नारळ देऊन. जमनाला खुर्चीवर बसवून तिच्या कार्याचा गौरव झाला. कोणतं कार्य, हे सांगितलं गेलं नाही. कोरा फॉर्म तुमच्या पर्समध्ये होता. तुम्ही तो समारंभात दोनदा बाहेर काढून पुन्हा आत ठेवलात. मी पाहिलं.

किशन त्या दिवसांत प्रत्येकाच्या घरी जाऊन आला. कोणी त्याला हाकललं नाही. प्रत्येकाने बसवलं, चहा दिला, आणि दुसऱ्याकडे पाठवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी आपल्या गाडीवरून सोडलं सुद्धा. माझ्या घरीही तो आला होता. मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "जी, जी," आणि कप स्वतः विसळून ठेवून गेला.

अकोला स्टेशनवर सकाळी सगळे आले होते. पाच संस्थांची पाच पार्सलं जमनाच्या पायाशी होती. मीरा बारा वर्षांची. ती आईला बिलगली नाही, एक पाऊल दूर उभी राहिली, जणू परक्या बाईला पोचवायला आली आहे. गाडी यायच्या आधी जमनाने तुमचा हात धरला. "दीदी, कागज़ लौट आया, फिर किसी ने नहीं लिखा?"

तुम्ही मीराकडे पाहिलंत. मग म्हणालात, "मी लिहिलं, बाई. माह्या एकटीच्या नावानं फॉर्म देल्ला. त्यायनं घेतला नाही."

जमनाने खाली वाकून तुमच्या पायाला हात लावला. तुम्ही पाय मागे घेतले नाहीत.

मी खात्री करून घेणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. बाबू म्हणाला, सिस्टर त्यानंतर इकडे आल्याच नाहीत. तिथून मी सरळ तुमच्या घरी आलो. तुम्ही चुलीपाशी होतात आणि मीरा ओट्यावर बसून ज्वारीची भाकर खात होती. मी तुम्हाला मागच्या अंगणात नेलं.

"खोटं का सांगितलं?"

"कोणाच्या तरी घरी यायचं होतं न त्या पोरीले आज. खरं सांगतलं असतं तं कोणाच्या घरी आली असती? तुह्या?"

"हे तुमच्या सोयीचं खोटं आहे."

"सोयीचंच हाय. लेकरू जेवून राह्यलं न?"

त्या प्रश्नावर मी सात वर्षं उत्तर शोधतो आहे. मुलीसाठी खोटं बोललात की स्वतःसाठी, हे तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. एवढं मात्र नोंदवून ठेवतो की त्या खोट्यावर तुम्ही सात वर्षं आपल्या हातची भाकर वाढलीत. मीराला मराठी तुम्ही शिकवली, बाराखडीपासून बारावीपर्यंत. तिच्या पहिल्या पाळीला तुम्ही होतात. दर शुक्रवारी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल तुमच्या घरून व्हायचा, कारण किशनच्या खोलीत रेंज नव्हती. जमना आधी तुम्हाला नमस्कार करायची, मग मुलीशी बोलायची. तुमच्या मुलाचं प्रमोशन झालं. पेढे मीराने वाटले.

मग तुम्हाला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. तुमचा मुलगा अमरावतीहून शनिवारी यायचा, रविवारी जायचा. त्याला दोष देत नाही, पण आठवड्याला आणखी पाच दिवस असतात. ते मीराने काढले. दर दोन तासांनी तिने तुम्हाला कुशीवर वळवलं. पाठीला जखम होऊ दिली नाही. पेज गाळून पाजली. तुम्ही वॉर्डात शेकडो पोरींना हे शिकवलं असेल, एवढं नीट कोणी शिकलं नसेल. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "सिस्टरनं माझ्या आईसाठी एकटीनं फॉर्म भरला होता. बाकी सगळे घाबरले, सिस्टर नाही घाबरल्या."

एकदा मी समोर असताना तिने शेजारच्या काकूंना ते सांगितलं. तुमचे डोळे माझ्याकडे वळले. चेहऱ्याची एक बाजू मेलेली होती, पण डोळे चांगले होते आणि त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. मी तिला सांगावं, असं त्यांना हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तुमच्यावर सूड घेतला असं नाही. तुमचं खोटं उघड केलं असतं, तर पुढचा प्रश्न मलाच आला असता.

त्यानंतर आठ दिवसांत तुम्ही गेलात. आंघोळ मीराने घातली.

इथपर्यंतचा मजकूर मी छापायला देण्याआधी तिला वाचायला दिला. ज्याच्याबद्दल लिहितो त्याला दाखवायचं, हा माझा नियम. ती माझ्या वृत्तपत्राच्या कार्यालयात आली, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि ओळीखाली बोट ठेवत वाचत गेली, तुम्ही शिकवलं तसं. स्टेशनच्या परिच्छेदावर थांबली. परत वाचला. रडली नाही.

"एक चूक आहे, सर," ती म्हणाली. "पार्सलं पाच नव्हती, सहा होती. सहावं तुमचं होतं. बिस्किटांचा पुडा."

मी विसरलो होतो. आता दुरुस्त करत नाही, वर तसंच राहू द्या.

तिने पानं सरळ केली, कडा जुळवल्या. "सिस्टर गेल्यावरच काहून सांगता?"

मी म्हणालो, आधी सांगायला हवं होतं.

"हव," ती मान हलवत म्हणाली. मग तिने पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. नवा फॉर्म होता. जमनाला पुन्हा अर्ज करता येतो, असं बाबूंच्या जागी आलेल्या मॅडमनी तिला सांगितलं आहे. बाकी सगळे रकाने तिने सुवाच्य मराठी अक्षरात भरले होते. हमीदाराचा रकाना रिकामा होता. पाचही अध्यक्षांकडे ती जाऊन आली होती. "सगळे म्हनतात, पूर्ण पाठिंबा हाय. तुमी पत्रकार, तुमच्या शब्दाले वजन हाय, म्हून शेवटी इकडे आली. सिस्टरवर एवढं खरं लिहिलं तुमी. आता हे एक करा."

मी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. निवृत्तीला माझी काही वर्षं आहेत. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला आहे, मुलगी परदेशात आहे. ही कारणं मी तिला सांगितली नाहीत. मी म्हणालो, "घरी विचारतो. सोमवारी ये."

ती उठली. दारात चप्पल घालताना मागे न पाहता म्हणाली, "सिस्टर बऱ्या होत्या, सर. सही केली असं खोटं तरी सांगतलं त्यायनं."

सिस्टर, ती सोमवारी आली होती. मी अमरावतीला गेलो होतो. तिथलं काम मंगळवारीही झालं असतं.